पिशवीवर नाव नसतं

दिवाळीच्या सुमाराला राज्यातल्या रक्तपेढ्यांची दरवर्षीची काळजी सुरू होते. कॉलेजांना सुट्ट्या, कंपन्या बंद, शहरातली माणसं गावी गेलेली आणि गावातली दिवाळसणाच्या गडबडीत. शिबिर घ्यायचं तर कुणाला बोलवायचं? मे महिन्यातही हेच होतं. इकडे महामार्गावरचे अपघात, अडलेल्या बाळंतिणी, दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुलं, यातलं काहीच सुट्टीवर जात नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘राज्यात रक्ताचा तुटवडा’ अशी दोन कॉलमी बातमी येते, आरोग्यमंत्री आवाहन करतात आणि सुट्ट्या संपल्या की हळूहळू कपाटं भरू लागतात.

भरतं कोण? रक्त कारखान्यात बनत नाही. देशात वर्षाला एक कोटीहून अधिक पिशव्या जमा होतात. महाराष्ट्र त्यात कायम आघाडीच्या राज्यांत असतो. अलीकडच्या वर्षांत इथला आकडा वीस लाखांच्या आसपास पोचला आहे. यातली एकूण एक पिशवी कुणीतरी बाही वर करून, सुई टोचून घेऊन दिलेली. ती कुणाला लागणार हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. ज्याला लागते त्यालाही कुणाची ते कळत नाही. पिशवीवर रक्तगट असतो, क्रमांक असतो, रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. नाव नसतं. आणि रक्ताबद्दल देणाऱ्याला पैसे देणं कायद्याने बंद आहे.

माणसं एकमेकांशी वागतात ती स्वार्थापोटी की आणखी कशापोटी, हा वाद फार जुना. गप्पांमध्ये तो दहा मिनिटांत ‘शेवटी सगळे स्वार्थीच हो’ या वाक्यावर येऊन बसतो आणि चहा मागवला जातो. हा वाद रक्तपेढीच्या दारात नेऊन पाहावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. तिथे निव्वळ तर्काने बोलायची गरज नाही. न्यायालयाचे निकाल आहेत, प्रयोग आहेत, नोंदी आहेत, आणि माणसं कशी वागतात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

सुरुवात रुग्णालयाच्या व्हरांड्यापासून करू. ऑपरेशन ठरतं आणि नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘दोन बाटल्यांची सोय करून ठेवा.’ काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या त्याला जमाना झाला, पण बोलण्यात अजून बाटलीच आहे. रक्त मिळवायचं तर त्याच्या बदल्यात रक्तदाता आणा, असा आग्रह रुग्णालयाला धरता येत नाही, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात ठिकठिकाणी तो धरला जातो. मग भेटायला आलेल्यांची गर्दी बघता बघता पांगते. एकाला आपली शुगर आठवते. दुसऱ्याला नुकतीच कावीळ होऊन गेलेली असते. तिसरा गाडी नीट लावून येतो म्हणून जातो तो जातोच. कमावत्या मुलाला रक्त देऊ द्यायला आईचा जीव होत नाही. सुनेसाठी रक्त हवं असेल तर माहेरची माणसं कधी पोचतात याची वाट पाहिली जाते. हे रक्तपेढीत काम करणाऱ्यांच्या इतक्या परिचयाचं असतं की त्यांना त्याचा रागही येईनासा झालेला असतो.

जीवशास्त्रात नात्याचं गणित वेगळं शिकवतात. जे. बी. एस. हॉल्डेन या मोठ्या शास्त्रज्ञाने म्हणे गमतीत म्हटलं होतं, की दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत-मावस भावंडांसाठी मी जीव द्यायला तयार आहे. आपल्यातला अर्धा वारसा सख्ख्या भावात आणि एक-अष्टमांश चुलत भावात असतो, म्हणून हा हिशोब. हेच हॉल्डेन 1957 साली इंग्लंड सोडून भारतात आले, आधी कोलकात्यात आणि शेवटी भुवनेश्वरला राहिले आणि 1964 साली तिथेच वारले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात ते कधी बसले होते का, कोण जाणे. बसले असते तर त्यांना दिसलं असतं, की पावशेर रक्ताचा प्रश्न आला तरी सख्खा भाऊ जिना उतरून जातो आणि तीन मजले खाली रक्तपेढीत ज्याचा या कुटुंबाशी काडीचा संबंध नाही अशा माणसाची पिशवी तयार असते.

नातं आणि गरज यांच्यामधल्या या फटीत एक धंदा उभा राहिला होता. आजच्या तिशीतल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, पण 1990 च्या दशकापर्यंत आपल्या देशात रक्त विकलं जात होतं, राजरोस. रुग्णालयांच्या आसपास ‘प्रोफेशनल डोनर’ उभे असत: हमाल, रिक्षावाले, बेकार, व्यसनी. एका बाटलीचे काही रुपये मिळत. तीन महिन्यांचं अंतर पाळायचं कोण आणि कशाला? नाव बदलून, पेढी बदलून तोच माणूस पुन्हा येई. सरकारने करून घेतलेल्या फर्ग्युसन अहवालाने 1990 साली हे चित्र मांडलं. अर्ध्याहून अधिक रक्तपेढ्यांकडे तर परवानाच नव्हता. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. 4 जानेवारी 1996 रोजी निकाल लागला: राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, परवान्याशिवाय रक्तपेढी चालू देऊ नका आणि रक्त विकणारे दाते दोन वर्षांत बंद करा. 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बेकायदा झाली.

न्यायालयाला घाई होती ती एचआयव्हीमुळे. पैशासाठी रक्त देणारा माणूस खोटं बोलतो, या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. तो मुळात वाईट असतो असं नाही. खरं बोलला तर त्याची त्या दिवसाची कमाई जाते, इतकं साधं आहे ते. कावीळ झाली होती का? नाही. सुया घेता का? नाही. गेल्या महिन्यात रक्त दिलं होतं का? नाही. रक्त तपासतात हे खरं, पण लागण नवी असेल तर काही दिवस कुठल्याच तपासणीत ती दिसत नाही. तेवढ्या दिवसांत आपल्याला वाचवतं ते फक्त दात्याचं खरं उत्तर. चीनच्या हनान प्रांतात 1990 च्या दशकात गरीब शेतकऱ्यांकडून प्लाझ्मा विकत घेण्याची मोहीमच निघाली होती. अनेकांचं रक्त एकत्र करून प्लाझ्मा काढायचा आणि उरलेल्या तांबड्या पेशी पुन्हा त्या शेतकऱ्यांच्या शरीरात सोडायच्या. त्यातून गावंच्या गावं एचआयव्हीने ग्रासली. हे उघड करणाऱ्या डॉ. गाओ याओजिए यांना उतारवयात देश सोडावा लागला. आणि बंदीनंतरही आपल्याकडे सगळं निवळलं असं नाही. गोरखपूरला 2008 साली पोलिसांनी एका आवारातून अशी माणसं सोडवली, ज्यांना कोंडून ठेवून त्यांचं रक्त काढून विकलं जात होतं. त्यांना उभंही राहता येत नव्हतं.

पैसा आला की दान बिघडतं, हे सिद्धान्त म्हणून आधी मांडलं ते रिचर्ड टिटमस यांनी. हा माणूस मला आवडतो. कोवळ्या वयात शाळा सुटली, पुढे बरीच वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली आणि विद्यापीठाची पदवी नसताना 1950 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाला. विम्याच्या हप्त्यांचा हिशोब करण्याच्या व्यवसायातून आलेल्या माणसाने 1970 साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हे पुस्तक लिहिलं. इंग्लंडमध्ये सगळं रक्त फुकट मिळत होतं आणि अमेरिकेत बरंचसं विकत. टिटमस यांनी दोन्हींची तुलना केली. अमेरिकेतलं रक्त महाग होतं, वाया जास्त जात होतं, काविळीचा धोका त्यात जास्त होता आणि श्रीमंतांसाठी गरिबांचं रक्त वाहत होतं. पुस्तकासाठी त्यांनी इंग्लंडमधल्या सुमारे 3,800 रक्तदात्यांना विचारलं, रक्त का देता? उत्तरं साधी होती. कुणाच्या घरातल्या माणसाला युद्धात रक्त मिळालं होतं, कुणाला आपली तब्येत चांगली आहे याची परतफेड करायची होती, कुणाला नुसतंच बरं वाटत होतं.

अर्थशास्त्रज्ञ गप्प बसणार नव्हतेच. केनेथ अ‍ॅरो यांनी 1972 साली उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा: ज्याला फुकट द्यायचं आहे तो फुकट देईलच, शेजारी दुसऱ्याला पैसे मिळाले म्हणून त्याचं दान का आटावं? प्रश्न बिनतोड वाटतो. पण माणसं तशी वागत नाहीत, असं पुढे स्वीडनमध्ये दिसलं. गॉथेनबर्गमधल्या विद्यार्थ्यांना रक्तदाता होण्यासाठी आरोग्यतपासणीला बोलावलं गेलं. नुसतं विचारल्यावर मुलींपैकी 52 टक्के तयार झाल्या. दुसऱ्या गटाला त्यासाठी 50 क्रोनर देऊ केले, तर तयार होणाऱ्या मुली 30 टक्क्यांवर आल्या. तिसऱ्या गटाला तेच पैसे घ्या किंवा एखाद्या संस्थेला द्या, असं म्हटलं. तिथे टक्का 53 झाला. मुलांवर मात्र पैशाचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. 2008 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा टिटमस यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

इथे थांबलो तर लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही. 2013 साली ‘सायन्स’ नियतकालिकात तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शिबिरांमधल्या आमिषांचे निकाल एकत्र मांडले. भेटवस्तू, कूपनं, सुट्टी असे एकोणीस प्रकार त्यांनी पाहिले. अठरांमध्ये रक्तदान वाढलं होतं. म्हणजे रोख पैशाने मन खट्टू होतं आणि टी-शर्टने होत नाही? बहुधा तसंच आहे. स्वीडनमधली मुलगी 50 क्रोनर नाकारते, कारण ते घेतले तर आपण विक्रेते ठरतो. टी-शर्ट घालून मात्र गावभर सांगता येतं की आज मी रक्त दिलं.

आपल्या शिबिरांकडे या नजरेने पाहिलं की बरंच उलगडतं. मंडपाच्या एका टोकाला खाटा, दुसऱ्या टोकाला टेबल. टेबलावर प्रमाणपत्र, बिस्किटाचा पुडा, कॉफी, केळं. त्याच्यापुढे आयोजकाच्या ऐपतीनुसार पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, कुठे कुठे हेल्मेट. डिसेंबर 2020 मध्ये कोविडमुळे रक्ताचा साठा आटला होता, तेव्हा मुंबईत प्रभादेवी भागात एका लोकप्रतिनिधीने रक्तदात्याला एक किलो चिकन आणि शाकाहारी असल्यास पनीर जाहीर केलं. बातमी देशभर गाजली, बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखं फार दिसलं नाही. टाळेबंदीत रोजगार गेलेल्या घरात एक किलो चिकन हा चेष्टेचा विषय नव्हता. त्याच वर्षी गणपतीत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला. त्यात रक्त आणि प्लाझ्मा दानाची शिबिरं झाली. एकाने कोंबडी देऊन माणसं आणली, दुसऱ्याने भक्ती देऊन. दोन्हीकडच्या पिशव्या एकाच शीतकपाटात गेल्या.

आमिषाचा अतिरेक तेवढा नको. चिकन चालेल, पण ते मिळावं म्हणून कावीळ लपवावीशी वाटेल इतकं ते मोठं झालं की प्रकरण पुन्हा 1998 च्या आधीवर गेलं. नियमाची भाषाही तीच आहे: पैशाला पर्याय ठरेल असं काही देऊ नका. रेषा कुठे ओढायची याबद्दल भांडायला जागा आहे, आणि भांडावंही. ज्या भागात दिवसाचा रोज बुडवून माणूस शिबिराला येतो तिथे जेवणाचा डबासुद्धा पैशाच्या जवळ जाऊन पोचतो.

पण भेटवस्तूंपेक्षा मला दुसऱ्या एका स्वार्थाची जास्त चिंता वाटते. त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो हार-तुऱ्यांच्या आड असतो. हा स्वार्थ आयोजकाचा. महाराष्ट्रात रक्तदान शिबिर हा राजकारणाचा भाग आहे. नेत्याचा वाढदिवस, पक्षाचा वर्धापनदिन, जयंती, पुण्यतिथी. 2010 साली राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने गोरेगावात एका दिवसात सुमारे 25 हजार पिशव्या जमा करण्याचा विक्रम झाला. आता हिशोब करा. अख्ख्या रक्ताची नेहमीची मुदत 35 दिवस. त्यातून वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशी खास द्रावणात 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाच दिवस, त्याही साध्या खोलीच्या तापमानाला सतत हलत्या यंत्रावर ठेवून. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर. एका दिवशी हजारो माणसांनी रक्त दिलं की तेवढ्यांना पुढचे किमान तीन महिने देता येत नाही. आज पूर, पुढल्या महिन्यात दुष्काळ. वाढदिवस काही दिवाळीच्या सुट्टीत हलवता येत नाही.

रक्तपेढीला रोज थोडं थोडं हवं असतं. आयोजकाला एका दिवसात भरपूर हवं असतं, फोटोत आकडा दिसेल इतकं. इथे दात्याच्या मनात काय आहे हा प्रश्नच गैरलागू होतो. तो मनापासून आलेला असतो, नेत्यावरच्या प्रेमाने असो की रुग्णाच्या कळवळ्याने. तरी त्याची पिशवी मुदत संपून वाया जाऊ शकते, कारण शिबिराची तारीख रुग्णाच्या सोयीने ठरलेली नसते. स्वार्थ मोजायचाच असेल तर मी तो इथे मोजेन: देणाऱ्याला काय मिळालं याने नव्हे, कुणाचं कॅलेंडर चाललं याने.

उत्तर भारतातल्या रक्तदानावर मानवशास्त्रज्ञ जेकब कोपमन यांनी ‘व्हेन्स ऑफ डिव्होशन’ नावाचं पुस्तक 2009 साली लिहिलं. निरंकारी मंडळ, डेरा आणि इतर संप्रदायांमध्ये रक्त देणं ही गुरूची सेवा कशी होते, याचा त्यात अभ्यास आहे. निरंकारी 24 एप्रिलला मानव एकता दिन पाळतात आणि त्यांच्या शिबिरांना आता जवळजवळ चाळीस वर्षं होत आली. आपल्याकडेही संप्रदायांची, बैठकांची शिबिरं असतात आणि तिथली शिस्त पाहण्यासारखी असते. गुरूसाठी दिलेलं रक्त निःस्वार्थ म्हणायचं की पुण्याच्या आशेने दिलेलं? तत्त्वज्ञाला हा प्रश्न रात्रभर पुरेल. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला तो पडत नाही. या माणसाने फॉर्ममधल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली का आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा येईल का, एवढंच त्याला हवं असतं.

हॉब्जची एक गोष्ट सांगतात. माणूस स्वभावतःच स्वतःपुरतं पाहतो असं मानणारा हा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. एकदा त्याने लंडनमध्ये एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. सोबतच्या पाद्र्याने डिवचलं, की धर्माची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्याची दैना बघून मला त्रास होत होता, पैसे दिल्याने माझाही त्रास कमी झाला. स्वार्थवाद्यांचा हा हुकमी डाव. दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला वाईट वाटतं, तुम्ही मदत करता, तुम्हाला बरं वाटतं, म्हणजे हा तुमचा स्वार्थ झाला. या व्याख्येने जगातलं कुठलंही कृत्य स्वार्थी ठरवता येतं, आणि तिथेच ती निकामी होते. रुग्णालयातून सटकलेला भाऊ आणि वीस वर्षं दर तीन महिन्यांनी रक्त देणारा बँकेतला कारकून दोघेही आपल्या समाधानासाठीच वागले, असं म्हटलं तर दोघांमधला फरक सांगायला दुसरा शब्द शोधावा लागेल. फरक तर आहेच. एकाला बरं वाटायला पळून जावं लागतं, दुसऱ्याला सुई टोचून घ्यावी लागते.

परतफेडीच्या आशेने देणं हा मधला मार्ग. आपल्याकडे आहेराची वही असते. कुणी किती घातले ते पाहून त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे घालायचे. रक्तातही हा मार्ग आहे. शिबिरात रक्त दिलं की अनेक ठिकाणी कार्ड मिळतं, ते दाखवून ठरावीक मुदतीत घरच्या माणसासाठी रक्त मिळवताना सोय होते. कार्ड जपून ठेवणाऱ्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. निसर्गातही असा व्यवहार चालतो, आणि योगायोग असा की तोही रक्ताचाच. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं असतात. दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर ती मरतात. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात त्यांचा अभ्यास करून 1984 साली दाखवलं, की पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त उलटून पाजतं. नात्यातल्याला तर पाजतंच, पण नेहमीच्या सोबत्यालाही. विम्याचा हप्ता म्हणा हवं तर.

माणसांत या विम्याचं सगळ्यात नितळ रूप पाहायचं तर मुंबईच्याच नावाच्या रक्तगटाकडे जावं लागतं. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. एक रेल्वे अपघातातला जखमी आणि एक सुरा लागलेला माणूस, यांचं रक्त कुठल्याच रक्ताशी जुळेना. हा ‘बॉम्बे’ गट. ए, बी या गटांच्या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो ‘एच’ नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नसतो. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचे वाटतात. पण ओ गटाचं रक्त त्यांना दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, युरोपात दहा लाखांत एक. त्यांच्या तांबड्या पेशी ए, बी, ओ अशा कुठल्याही गटाच्या माणसाला चालू शकतात, पण त्यांना मात्र स्वतःच्याच गटाचं रक्त लागतं.

या माणसांनी एकमेकांच्या याद्या केल्या आहेत. त्यात महाराष्ट्रातल्या तरुणांचा पुढाकार मोठा आहे. कुठेतरी फोन वाजतो आणि कुणीतरी रात्रीची गाडी पकडतो. 2024 साली महाराष्ट्रातला एक दाता इंदूरच्या एका बाईसाठी रस्त्याने शेकडो किलोमीटर गेला होता. तिला आधी चुकून ओ गटाचं रक्त दिलं गेलं होतं. आज मी गेलो तर उद्या माझ्यासाठी कुणी येईल, हा हिशोब त्यांच्या मनात असणारच. नसला तर मूर्खपणा होईल. पण हिशोब पुरता खरा करायचा तर शहाणपण वेगळंच सांगतं: यादीत नाव घाला आणि फोन आला की गाव सोडून गेल्याचं सांगा. बाकीचे येतीलच. असं जवळपास कुणी करत नाही, म्हणून ती यादी चालते. परतफेडीची आशा माणसाला यादीपर्यंत आणते. रात्री बाराला गाडीत बसवायला आणखी काहीतरी लागतं. त्याला काय म्हणावं यावर मी अडून बसणार नाही.

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स देणाऱ्यांचंही तसंच. एका हातातून रक्त यंत्रात जातं, प्लेटलेट्स काढून घेतल्या जातात, उरलेलं परत अंगात येतं. तास-दीड तास खुर्चीवर बसावं लागतं. मंडप नाही, नेता नाही, फोटो नाही. रक्तपेढीचा फोन येतो, ‘आज जमेल का?’ आणि माणूस ऑफिसातून अर्धी रजा टाकून जातो. या लोकांना कुणी निःस्वार्थी म्हटलं की ते अवघडतात. बहुतेकांचं उत्तर असतं, त्यात काय एवढं.

आता या दानशूरांच्या एका तक्रारीकडे वळतो, कारण ती रास्त आहे. आम्ही फुकट देतो, मग पेशंटकडून पैसे कसले घेता? रक्ताची किंमत घेता येत नाही. पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण, यांचा खर्च तेवढा घेता येतो. अख्ख्या रक्ताच्या पिशवीला खासगी रक्तपेढीत 1,550 रुपये ही त्याची कमाल मर्यादा. रक्त विकण्यासाठी नाही, असं केंद्रीय औषध नियंत्रकांना राज्यांना पुन्हा बजावून सांगावं लागलं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं. उरलेल्या प्लाझ्माचं काय होतं हे तर बहुतेक दात्यांना माहीतच नसतं. तो औषध कंपन्यांकडे जातो, लिटरला 1,600 रुपये या ठरलेल्या विनिमय दराने, आणि त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन अशी औषधं बनतात. ती बाजारभावाने विकली जातात. ही औषधं जीव वाचवतात, कंपनीने फुकट चालावं असंही कुणी म्हणणार नाही. पण पहिल्या टोकाला दान आणि शेवटच्या टोकाला छापील किंमत असेल, तर मधला हिशोब शिबिराच्या मंडपात फलकावर लावायला काय हरकत आहे? दाता पैसे मागत नाही. त्याला फसवलं गेल्यासारखं वाटू नये, एवढी अपेक्षा चुकीची नाही. नियमित दाते तुटतात ते सुईच्या भीतीपेक्षा या संशयाने, असं माझं मत आहे.

आणि काही जणांना द्यायचं असूनही देता येत नाही. दात्यांच्या निवडीच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी व्यक्ती, समलिंगी पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सरसकट कायमचं अपात्र ठरवलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे. प्रत्येकाच्या वागणुकीवरून धोका पाहा, जमातीवरून नको, हा दाद मागणाऱ्यांचा युक्तिवाद.

संख्येने याहून फार मोठा गट मात्र बायकांचा. भारतातल्या रक्तदात्यांमध्ये बायका दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतात. त्या घाबरतात, त्यांना घरचे पाठवत नाहीत, अशी कारणं आपण सांगतो, आणि ती काही प्रमाणात खरीही आहेत. पण कॉलेजातल्या शिबिरात जरा वेळ उभं राहिलं की वेगळं दिसतं. मुलींची रांग असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा अधिक. तरंगत राहिला तर परत जायचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. साडेबाराची अट पुरुषाला आणि बाईला एकच आहे, आणि ती रास्त आहे. देणारीला इजा होता कामा नये. पण घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेलं खाणारी मुलगी किंवा बाई त्या टेबलाशी येते तेव्हा, ती स्वार्थाने आली आहे की परोपकाराने हे विचारण्याआधीच थेंब तरंगतो. तिला कॉफी आणि लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी देऊन घरी पाठवतात. गोळ्या तीन महिने नेटाने घेतल्या तर ती पुढच्या शिबिराला देऊ शकते. त्या तिला कोण आठवणीने देईल आणि पुढच्या शिबिराला तिला पुन्हा कोण बोलावेल, ही जबाबदारी सध्या तरी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.